पोटगीचा हुकूम आणि पोटगीचा पैसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



टाकून दिलेल्या एखाद्या बाईला न्यायालयाने पोटगी मंजूर केली, की शाखेत पेढे वाटले जातात, तालुक्याच्या वार्ताहराकडे चार ओळी पोचवल्या जातात आणि त्या बाईचा प्रश्न सुटला अशी सर्वांची समजूत होऊन बसते. सहा महिन्यांनी तीच बाई पुन्हा शाखेच्या दारात उभी राहते. हातात हुकुमाची नक्कल असते, पैसा एकही आलेला नसतो. मग वकील नालायक ठरतो, न्यायव्यवस्था वर्गीय ठरते आणि चर्चा व्यवस्था-परिवर्तनाकडे वळते. न्यायव्यवस्था वर्गीय आहे याविषयी या व्यासपीठावर वाद असण्याचे कारण नाही. परंतु त्या बाईपुरते पाहिले तर चूक बहुधा पुष्कळच लहान असते. हुकुमानंतर वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते. आणि वकिलाला ते विचारायला हवे होते, हे कार्यकर्त्याला ठाऊक नसते.

कौटुंबिक कायद्याचा विषय निघाला की समाजवादी मंडळी मोठ्या प्रश्नांकडे वळतात. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले; १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या; १९८५ साली शहाबानोचा निकाल लागला आणि १९८६ च्या कायद्याने तो बोथट करण्याचा प्रयत्न झाला. हा सारा इतिहास कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो आणि तो असायलाच हवा. मात्र तोच कार्यकर्ता, आपल्या तालुक्यात पोटगीचा अर्ज कोणत्या न्यायालयात द्यायचा, या साध्या प्रश्नाला अडखळतो. परिवर्तनाची भाषा येते, पण अर्जाची भाषा येत नाही. ही उणीव भूषणावह नव्हे.

प्रकरणाची सुरुवात पुष्कळदा नवऱ्याच्या बाजूने येणाऱ्या एका नोटिशीने होते. "माझे अशील आपणांस नांदविण्यास आजही तयार आहेत, आठ दिवसांच्या आत नांदण्यास यावे," अशा मजकुराचा कागद टपालाने माहेरी येतो. घरात कोणाला वाटते, जावयाला उपरती झाली. कोणाला वाटते, ही धमकी आहे. बाई कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि मुदत निघून जाते. वस्तुतः हा कागद उपरतीचा क्वचित असतो आणि नुसत्या धमकीचाही क्वचित असतो. तो पुढल्या बचावाचा पाया असतो. सबळ कारणाशिवाय नवऱ्याजवळ राहण्याचे नाकारणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. 'मी बोलावले, ती आली नाही,' हे सिद्ध करण्याची पूर्वतयारी म्हणून ही नोटीस असते. तिला उत्तर गेलेच पाहिजे, वकिलामार्फत आणि मुदतीत गेले पाहिजे. ती का येऊ शकत नाही, याची कारणे त्या उत्तरात तारीखवार असली पाहिजेत. नोटिशीचा लिफाफासुद्धा टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवावा.

या नोटिशीमागे शंभरावर वर्षांची परंपरा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर प्रकरण फिरले. १८८७ मध्ये महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोग, असा हुकूम झाला. त्या बाईने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत डॉक्टर झाल्या. कैदेची तरतूद आज राहिलेली नाही, परंतु नांदण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात १९५५ पासून सुखाने नांदतो आहे. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात तो वैध ठरवला. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट अलीकडची आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की नवऱ्याने नांदण्याचा हुकूमनामा मिळवलेला असला तरी पत्नीकडे न जाण्याचे सबळ कारण असेल तर केवळ त्या हुकूमनाम्यापायी तिची पोटगी बुडत नाही. म्हणजे पुन्हा सारा भर त्या 'सबळ कारणा'वर आला. नवऱ्याने दुसरे लग्न केले असेल किंवा दुसरी बाई ठेवली असेल, तर ते सबळ कारण आहे हे कायदाच सांगतो. मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे ही कारणे मात्र बाईला पुराव्याने उभी करावी लागतात.

नोटिशीहून घातक असा दुसरा एक कागद आहे आणि तो बहुधा गावातलीच शहाणी माणसे करवून घेतात. चावडीवर किंवा कोणा पुढाऱ्याच्या ओसरीवर बैठक होते, मुद्रांकाच्या कागदावर 'उभयता राजीखुशीने वेगळे राहतील, एकमेकांवर कोणताही हक्क सांगणार नाहीत' असे लिहिले जाते आणि खाली बाईचा अंगठा किंवा सही घेतली जाते. अशा बैठकांत पक्षाचे कार्यकर्तेही पंच म्हणून बसलेले आढळतात, हे कटू असले तरी खरे आहे. तंटा मिटला याचे समाधान त्यांना मिळते. परंतु परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. त्या 'राजीखुशीने' या एका शब्दात बाईची भाकरी जाते. शिवाय जिथे जातीची जुनी रूढी सिद्ध होत नाही, तिथे असल्या कागदाने काडीमोड होत नाही. लग्न कायम राहते आणि हक्क तेवढा धोक्यात येतो. वकिलाने वाचलेला नाही अशा कागदावर बाईची सही होऊ न देणे, एवढे जरी शाखेने केले तरी अर्धी लढाई तिथे झाली.

पोटगीचे कलम हे फौजदारी संहितेतले, म्हणून सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. १८९८ च्या संहितेत ते ४८८ वे होते, १९७३ च्या संहितेत १२५ वे झाले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ वे आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या कलमाचा आधार घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. २००१ पर्यंत मूळ केंद्रीय कायद्यात दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. त्या वर्षी ती काढून टाकण्यात आली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे घातले गेले. साठ दिवसांचे काय होते, ते तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसणाऱ्या कोणालाही दिसेल. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात, अन्यत्र न्यायदंडाधिकाऱ्याकडे. सासरच्या गावी जाण्याची सक्ती नाही. बाई माहेरी राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

घरातून बाहेर काढलेल्या बाईला छप्पर हवे असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अधिक उपयोगी, कारण सामायिक घरात राहण्याचा हक्क तो देतो, मग घर सासऱ्याच्या नावावर का असेना. २०२० च्या निकालाने ही बाब मोकळी केली. हिंदू विवाह कायद्याखाली दावा चालू असेल तर चोविसाव्या कलमाने दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. यांपैकी कोणता मार्ग आधी घ्यायचा, हे ठरवणे वकिलाचे आणि त्या बाईचे काम आहे. कार्यकर्त्याची ओढ पोलीस ठाण्याकडे असते. ते दार त्याच्या ओळखीचे, आणि तिथे दोन तासांत काही तरी घडल्यासारखे वाटते. मारहाण झाली असेल तर त्याच रात्री तिथे गेलेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु छळाच्या फौजदारी खटल्याने नवऱ्याला शिक्षा झालीच तर होईल; बाईच्या डब्यात त्यातून पसाभर तांदूळ येत नाही. तिला आधी तांदूळ हवा आहे की आधी शिक्षा, हे तिलाच विचारायला हवे.

आता वकिलाविषयी. चळवळीत वकिलाबद्दल दोन टोकांची मते असतात. एकतर तो लुटारू, नाही तर तो तारणहार. दोन्ही मतांचा परिणाम एकच होतो: त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. पक्षाला मानणारा एखादा सज्जन वकील फी न घेता वकीलपत्र दाखल करतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फुकट लढणाऱ्या वकिलाला 'माझ्या अर्जाचे काय झाले?' असे विचारण्याची बाईला चोरी होते, आणि तारखेमागून तारखा जातात. त्यापेक्षा हक्काने मिळणारा वकील बरा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीचे काम न्यायालयाच्या आवारातच चालते. असा नेमलेला वकील वर पैसे मागू लागला तर त्याची तक्रार त्या समितीकडेच करता येते.

खाजगी वकील दिला तर फी किती, कशाकशाची आणि किती हप्त्यांत, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे व पावती मागावी. यात वकिलाचा अपमान नाही. मिळालेल्या पोटगीत अमुक हिस्सा वकिलाचा, असला करार वकिलांच्या व्यावसायिक नियमांनाच मंजूर नाही. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवून दिले आहे; तरीही अडकलेल्या कागदांपायी वकील बदलता येत नाही म्हणून रडणाऱ्या बाया आढळतात. कोऱ्या कागदावर सही करू नये. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत बाईजवळ असावी, शाखेच्या कपाटात नव्हे. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि तो टाकला की पुढली तारीख मोबाइलवर दिसते. गावातली दहावीतली मुलगीही ते पाहून सांगू शकते.

वकिलाच्या टेबलापुढे नेहमीचे दृश्य असे असते: कार्यकर्ता खुर्चीवर बसून हकीकत सांगतो, बाई मागे पदराशी चाळा करीत उभी असते. कार्यकर्त्याची भाषा सभेतली. 'अमानुष छळ', 'मरणयातना', 'सरंजामी मनोवृत्ती' असे शब्द अर्जात उतरतात. वर्षभराने उलटतपासात तिला विचारले जाते, मरणयातना म्हणजे काय? ती खरे तेच सांगते: "जेवायला द्यायचे नाहीत, आणि एकदा रात्री बाहेर काढलं." अर्ज आणि साक्ष यांत अंतर पडते आणि विरुद्ध बाजूचा वकील तेवढेच धरून ठेवतो. जेवायला न देणे आणि रात्री बाहेर काढणे ही कारणे पुरेशी होती. मरणयातनांची गरजच नव्हती. बाईला तिच्या शब्दांत बोलू द्यावे. तिचे कालमापन नागपंचमीचे, तोडीला जाण्याचे, धाकट्याच्या बाळंतपणाचे असते. त्या खुणांवरून महिना आणि साल काढून देणे, हे मात्र कार्यकर्त्याने जरूर करावे. लग्नपत्रिका, सुपारी फुटली तेव्हा केलेली याद, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मोबाइलवर आलेले शिवीगाळीचे निरोप, हे सारे गोळा करून क्रमाने लावले तर वकिलाचे निम्मे काम हलके होते.

गैरसोयीच्या गोष्टी वकिलापासून लपवण्याची प्रवृत्ती तर फार. बाई दोनदा माहेरी येऊन परत गेली होती, अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिला मानधन मिळते, येताना तिने डोरले आणले, असल्या गोष्टी 'कशाला सांगायच्या' म्हणून गाळल्या जातात. अशिलाने विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे वकिलावर बंधनकारक आहे. त्याने अडचणीचा प्रश्न विचारला तर तो नवऱ्याला फितूर झाला असे समजू नये. तोच प्रश्न उद्या भर कोर्टात येणार असतो. थोडीफार कमाई असल्याने पोटगीचा हक्क जात नाही, हे २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. कमाई लपवली आणि उघडी पडली, तर मात्र बाकीची खरी हकीकतही संशयास्पद ठरते.

एक अडचण ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यांत विशेष जाणवते. बीडची बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतते. मधल्या काळातल्या तारखांना ती गैरहजर राहते आणि अर्ज निघून जातो. वकिलाला हे ठाऊक नसते, कारण तिने दिलेला मोबाइल क्रमांक भावाचा असतो आणि भाऊही तोडीलाच गेलेला असतो. हंगामापूर्वी वकिलाला भेटून साक्षीची तारीख त्याप्रमाणे मागून घेण्याचे काम शाखेनेच करायला हवे.

शाखा वकिलापेक्षा खरोखर वरचढ ठरते ती नवऱ्याचे उत्पन्न सिद्ध करण्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात देशभरच्या न्यायालयांसाठी निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, कर्ज आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. नवऱ्याचे प्रतिज्ञापत्र ठरलेले असते: अल्पभूधारक आहे, मोलमजुरी करतो, आईवडील वृद्ध आहेत. तालुक्याला बसलेल्या वकिलाला ते खोडून काढण्याची साधने नसतात. गावातल्या कार्यकर्त्याला मात्र सारे दिसत असते. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, कारखान्याला गेलेल्या उसाचे बिल, दूध डेअरीचा पंधरवड्याचा हिशेब, सोसायटीचे पीककर्ज, कोणाच्या नावाने ट्रॅक्टर घेतला आणि हप्ते कोण भरतो, ही माहिती वकिलाच्या हाती वेळेवर पडली तर दीड हजाराची पोटगी पाच हजारांवर जाऊ शकते. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही बजावले आहे. म्हणून नुसते 'काम नाही' हे उत्तर पुरत नाही.

आणि मग हुकूम होतो. नवरा हजर राहिलेला नसेल तर तो एकतर्फी असतो, आणि तीन महिन्यांच्या आत सबळ कारण दाखवून तो रद्द करून मागता येतो. तेव्हा समन्स नीट बजावले गेले की नाही, हे आधीच पाहावे. पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज द्यायचा. त्यावर जप्तीचे वॉरंट निघते, आणि तरीही थकबाकी राहिली तर नवऱ्याला कैद होऊ शकते. अनेक नवरे सांगत फिरतात, की महिनाभर आत बसून आलो, हिशेब फिटला. तो फिटत नाही. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, देण्याची फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले. परंतु एक मुदत अशी आहे की तिच्यापायी शेकडो बायांचे पैसे बुडतात. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. 'पोराच्या शाळेला एकदम मागू' म्हणून तीन वर्षे थांबलेल्या बाईला या मार्गाने शेवटच्या बारा महिन्यांचीच थकबाकी हाती लागते. हुकुमाची तारीख शाखेच्या वहीत लिहून दर सहा महिन्यांनी त्या बाईच्या घरी जाऊन 'पैसे आले का?' एवढे विचारणारा एक कार्यकर्ता असला तर हे टळते. असे काम करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्यामुळे ते पदरी घेण्यास उत्साह कमी असतो.

हे सारे करूनही जे मिळते ती पोटगीच असते. पंधरा वर्षे ज्या रानात ती खुरपत होती, ज्या घराच्या भिंती तिने लिंपल्या, त्यात महाराष्ट्रातल्या बायकोला लग्नाच्या नात्याने, नवरा जिवंत असताना, वाटा नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था वेगळी आहे. लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि निम्मा वाटा पत्नीचा. तिथेही वाटा प्रत्यक्ष हातात घेणे सोपे नाही, हे मान्य. पण मागायला तो आहे. उरलेल्या देशात हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट घेताना नवऱ्याच्या मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते. लोकसभेत ते मंजूर झाले नाही, आणि २०१४ साली ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही तिच्याबरोबर संपले.